झाकली मूठ

मॅडमचा डावा अंगठा माझ्या हातात होता आणि पुढे काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. नखांवरचं जुनं जेल पॉलिश नुकतंच काढून झालं होतं. त्याखालून जे नख बाहेर आलं, त्यावर मुळापासून टोकापर्यंत एक काळपट तपकिरी रेघ होती. मुळाशी रुंद, टोकाकडे येता येता बारीक झालेली. मॅडम दुसऱ्या हातात फोन धरून कोणाला तरी सांगत होत्या, "हो हो, अर्ध्या तासात मोकळी होते मी."

नखाचं एक बरं असतं. ते मुळातून वाढत टोकाकडे सरकतं, त्यामुळे टोकाशी जुना मजकूर आणि मुळाशी ताजा. टोकाशी बारीक, मुळाशी रुंद, म्हणजे ही रेघ गेल्या काही महिन्यांत रुंदावत चालली आहे, एवढं मला वाचता येत होतं. त्यापुढचं वाचायचा मला अधिकार नाही.

काळी रेघ दिसली की घाबरून जावं असं मुळीच नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांच्या नखांवर अशा रेघा सर्रास असतात, वयाबरोबर वाढतात, बहुधा एकाहून जास्त बोटांवर असतात आणि काही करत नाहीत. काही औषधांनीही येतात. बोट दारात चेमटलं तर रक्त साकळून डाग पडतो, तो नखाबरोबर पुढे सरकत एक दिवस कापला जातो. पण रेघ एकाच बोटावर, नवी, रुंदावणारी आणि तिचा रंग नखाची हद्द ओलांडून कातडीत उतरलेला, असं असेल तर ते त्वचारोगतज्ज्ञानं पाहायला हवं. नखाखालचा मेलानोमा, म्हणजे कर्करोग, असाच दिसू शकतो. कातडीत उतरलेल्या त्या रंगाला जोनाथन हचिन्सन या १९ व्या शतकातल्या इंग्लिश सर्जनचं नाव आहे. मॅडमच्या अंगठ्याशी तसा रंग होता की माझ्याच बोटांची सावली, हे मी दिवा जवळ ओढून तीनदा पाहिलं. ठरवता आलं नाही.

"मॅडम, ही रेघ कधीपासून आहे?"

त्यांनी फोन खांद्याशी दाबला आणि अंगठ्याकडे ओझरतं पाहिलं. "असेल बाई कधीची. गडद रंग लाव ना. झाकून टाक."

नेल टेक्निशियनला दिवसातून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे हे दोन शब्द. पिवळी पडलीत, झाकून टाक. मधेच चिरलंय, झाकून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आमचा सगळा धंदाच मुठी झाकून देण्याचा. त्यात लाज वाटावी असं काही नाही. बरीचशी झाकाझाक निरुपद्रवी असते. नखावरचे पांढरे ठिपके घ्या. समोर बसणारी प्रत्येक दुसरी बाई सांगते की कॅल्शियम कमी पडतंय. बहुतेक वेळा कॅल्शियमचा त्याच्याशी संबंध नसतो. काही आठवड्यांपूर्वी नखाच्या मुळाला कुठेतरी बारीकसा मार लागलेला असतो, कधी नखाची कातडी मागे सारायच्या आमच्याच पुशरचा. उभ्या बारीक रेषा वयाच्या असतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या. लावावा रंग आणि विसरून जावं.

आडवी खाच मात्र गोष्ट सांगते. मोठा ताप, शस्त्रक्रिया, एखादं गंभीर आजारपण, असं काही झालं की नखाचं मूळ काही दिवस काम थांबवतं आणि पुन्हा सुरू करतं. मधल्या खंडाची खाच नखावर उमटते. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला बोची रेषा म्हणतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. खाच मुळापासून सहा मिलिमीटरवर असेल तर दोन-सव्वादोन महिन्यांपूर्वी काहीतरी घडलेलं असतं. हे शिकले तेव्हा मला फार मौज वाटायची. बोट हातात घेऊन मी सहज विचारायचे, "दोनेक महिन्यांपूर्वी आजारी होतात का हो?" समोरची बाई चाट पडायची. मी ज्योतिषी असल्यासारखा भाव यायचा. मग एकदा असंच विचारल्यावर एक मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही, आणि शेवटी "हो" एवढंच म्हणाली. दहाही नखांवर खाच होती. तेव्हापासून तो खेळ बंद. आता दिसतं, मनात मोजते, आणि फाइल, म्हणजे नखांची कानस, हलक्या हातानं फिरवते.

मोजण्यावरून आठवलं. विल्यम बीन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी कानशीनं एक रेघ ओढायचे आणि ती टोकाला पोचेपर्यंत दिवस मोजायचे. असं ३५ वर्षं. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५. एका माणसानं एका अंगठ्यावर एवढी वर्षं नजर ठेवली, हे मला कुठल्याही नेल आर्टपेक्षा भारी वाटतं. नाहीतर आम्ही. दर तीन आठवड्यांनी जुन्यावर नवं चढवतो, आणि काही जणींना तर स्वतःच्या नखाचा मूळ रंग कोणता ते आठवतही नाही.

माझ्या हातून झालेली चूकही झाकण्याचीच. धंद्यात नवी होते. एकीच्या अनामिकेवरचं जेल कडेनं उचललं गेलं होतं आणि त्याखाली हिरवट डाग होता, नखाच्या पाव भागाएवढा. "आधीचा रंग उतरला असेल," ती म्हणाली. मलाही तेच हवं होतं, कारण पुढची क्लायंट येऊन बसली होती. मी वरून थोडं घासलं, जेल भरलं, लॅम्पखाली पक्कं केलं. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा डाग काळपट हिरवा झाला होता आणि नख अर्ध्यापर्यंत खालच्या मांसापासून सुटलं होतं. दुखत नव्हतं तिला, हेच त्यातलं वाईट. दुखलं असतं तर ती आधीच आली असती.

त्या हिरव्या डागाला बुरशी म्हणायची पद्धत आहे. आमच्या व्यवसायातल्याही निम्म्या जणी तसंच म्हणतात. बुरशी नसते ती. स्युडोमोनस एरुजिनोसा नावाचा जिवाणू असतो, ओलीत कुठेही सापडणारा. जेल उचललं की नख आणि जेल यांच्यामध्ये फट पडते, हात धुताना, भांडी घासताना तिथं पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. जिवाणूला तेवढं पुरतं. तो पायोसायनिन आणि पायोव्हर्डिन ही रंगद्रव्यं सोडतो, त्यांचा तो हिरवा. गोल्डमन आणि फॉक्स या दोघांनी १९४४ साली वैद्यकात त्याची नोंद केली, म्हणजे जेल पॉलिशच्या कितीतरी आधी. ओलसर नख पुरे असतं त्याला, फॅशन लागत नाही. आपण काय करायचं, तर वरचं सगळं काढायचं, नख कोरडं राहू द्यायचं, डॉक्टरकडे पाठवायचं, आणि डाग पूर्ण वाढून जाईपर्यंत वर काही चढवायचं नाही. जिवाणू मेला तरी रंग मागे राहू शकतो. मी केलं ते याच्या नेमकं उलट. ओल आत कोंडली आणि वरून चकचकीत झाकण बसवलं.

त्या मुलीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट "माझंच पाण्यात काम असतं" असं म्हणून मोकळी झाली. ते जास्त लागलं.

"नखांना मधूनमधून श्वास घेऊ द्यावा ना?" हा प्रश्न नेहमी येतो. नख श्वास घेत नाही. बोटाच्या टोकावर दिसतं ते केराटिनचं मृत पापुद्र्यांचं पान आहे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. त्याला जे काही मिळायचं ते खालच्या रक्तातून, वाढत असतानाच मिळतं. पूर्वी मी हे ठासून सांगायचे आणि वर "त्यामुळे विश्रांतीची गरज नाही" असंही म्हणायचे, धंद्याला सोयीचं होतं ते. आता म्हणते, पंधरा दिवस उघडी ठेवा. हवेसाठी नव्हे. उघडी असली की तुमचं लक्ष जाईल त्यांच्याकडे.

खराबी जेलनं कमी होते, ते काढताना जास्त. कंटाळा आला म्हणून बसल्या बसल्या जेलची कड दातानं उचकटून सोलून काढणारी माणसं मी रोज पाहते. जेल एकटं निघत नाही, नखाचे वरचे पापुद्रे घेऊनच निघतं. अर्ध्या मिलिमीटरात असे किती थर परवडणार? आणि आम्हीही काही कमी नाही. ई-फाइल, म्हणजे विजेवर फिरणारी कानस, घाईनं फिरवली की नखावर लालसर कडं उमटतं आणि क्लायंट "आई गं" म्हणून हात मागे घेते. असं पातळ झालेलं नख दुरुस्त करता येत नाही, वाढून जायची वाट पाहावी लागते. हाताचं सहा महिन्यांत नवं होतं, पायाच्या अंगठ्याचं व्हायला वर्ष ते दीड वर्ष. तेलानं, सीरमनं ते भरून निघेल असं सांगणारी बाटली मीही विकलेली आहे. तेलानं नख आणि कडेची कातडी मऊ राहते, एवढं खरं.

आता निळ्या बरणीबद्दल. सलूनच्या टेबलावर एक उंच काचेची बरणी असते, निळ्याशार पाण्यात कात्र्या, कंगवे, पुशर उभे. बार्बिसाइड हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध द्रावण, १९४७ साली अमेरिकेत मॉरिस किंग यांनी काढलेलं. ती बरणी पाहिली की गिऱ्हाइकाला आपोआप विश्वास वाटतो. मलाही वाटायचा, पहिली नोकरी लागेपर्यंत. तिथं बरणी होती आणि तिच्यातलं पाणी आठवडा आठवडा बदलत नव्हतं. अवजारं फुलदाणीतल्या फुलांसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर. निपरचा, म्हणजे कातडी कापायच्या चिमट्याचा, हातात धरायचा भाग कायम कोरडा. आणि कोणीही त्यात टाकण्याआधी घासत नव्हतं. द्रावणाचं काम असं असतं: अवजार आधी साबण-पाण्यानं, ब्रशनं घासून स्वच्छ करायचं, मग पूर्ण बुडवायचं, मग पूर्ण १० मिनिटं थांबायचं, आणि द्रावण रोज बदलायचं. अवजारावर कातडीचा कण चिकटलेला असेल तर त्याच्याआड जंतू सुखरूप राहतात. आणि दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये आम्हाला वेळ मिळायचा पाच मिनिटं. दहा मिनिटांचं भिजवणं पाच मिनिटांत कसं बसवायचं? बसत नाही. म्हणून अवजार बुडवून काढायचं, टिपायचं, पुढच्या बोटाला लावायचं. मुली आळशी नव्हत्या. अवजारांचे सेट कमी होते, आणि सेट वाढवायचे तर पैसे मालकाच्या खिशातून जाणार होते. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "आजवर कोणाची तक्रार आली आहे का?" नव्हती आली. बाईला नखुरडं होतं ते चार दिवसांनी, घरी. तिला वाटतं काहीतरी टोचलं असेल.

स्वतःचं टेबल मांडलं तेव्हा मी पहिल्यांदा सेट घेतले, रंग नंतर. दिवसाला जितक्या क्लायंट तितके सेट, वर दोन जास्त. शेड्स कमी आहेत म्हणून सुरुवातीला काही जणी परत गेल्या.

जांभळ्या उजेडाच्या पेट्यांचंही असंच. झाकण उघडलं की आतून निळसर प्रकाश, पेटीवर "स्टरलायझर" असं लिहिलेलं. प्रकाशाचा परिणाम जिथं तो पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर, निपरच्या सांध्यात तो शिरत नाही. स्वच्छ केलेलं अवजार ठेवायला पेटी ठीक, अवजार स्वच्छ करायला कामाची नाही. खरं निर्जंतुकीकरण करतो तो ऑटोक्लेव्ह, दाबाखालच्या वाफेचा, १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं किंवा जास्त. दिसायला ते प्रेशर कुकरचं भावंड, कोणावर छाप पडत नाही. त्यातून निघालेल्या पाऊचवर रंग बदललेली खूण असते. ती पाहून पुष्कळ जणी निश्चिंत होतात. ती खूण फक्त सांगते की पाऊचला उष्णता लागली. आतले जंतू मेले का, हे तपासायला ठरावीक काळानं जिवंत बीजाणूंची पट्टी आत ठेवून, नंतर ती वाढते का ते पाहावं लागतं. ही पट्टी म्हणजे माझी आवडती गोष्ट आहे, कारण तिला फसवता येत नाही.

आणि हे सगळं धातूच्या अवजारांपुरतं. कागदी फाइल आणि बफर यांना कशातही बुडवून उपयोग नाही, एकदा वापरलं की त्या क्लायंटला देऊन टाकायचं किंवा कचऱ्यात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकतो. फाइलवर रक्त दिसावंच लागतं असं नाही. हे वाचलं त्या रात्री मी वापरलेल्या सगळ्या फाइल्स मोडून टाकल्या होत्या, नुसत्या टाकल्या असत्या तर सकाळी पुन्हा उचलल्या असत्या असं मला वाटलं.

पायाच्या टबची गोष्ट मी नव्या मुलींना सांगतेच. २००० साली कॅलिफोर्नियात एका नेल सलूनच्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं आली. महिनोन्महिने बरी न होणारी, मागे व्रण ठेवून जाणारी. कारण सापडलं ते पाणी खळबळवणाऱ्या फूटबाथमध्ये. पाणी आत ओढणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता, आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा पाण्यात राहणारा जिवाणू मजेत वाढत होता. जाळ्या काढून मागचं कोणी घासतच नव्हतं. येण्याआधी पायांचे केस वस्तऱ्यानं काढलेल्या बायकांना धोका जास्त ठरला, कारण बारीक न दिसणाऱ्या चिरांतून जिवाणूला वाट मिळाली. टब वरून चकाचक असणार, यात मला शंका नाही. गाळ जाळीमागे होता. मी खळबळणारा टब घेतला नाही. साधं घमेलं आहे, त्याला मागची बाजूच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "बाकीकडे बुडबुडे येतात." येऊ देत.

आमचीही काही झाकपाक असते, तिच्याबद्दल बोलायला जड जातं. पहिल्या नोकरीतली माझी शेजारची मुलगी बोटांच्या टोकांना कायम चिकटपट्ट्या लावायची. विचारलं की म्हणायची कापलं. एवढ्या वेळा कोणाचं कापतं? पट्ट्यांखाली कातडी लाल, भेगाळलेली, खाजणारी. जेलमध्ये ॲक्रिलेट वर्गातली रसायनं असतात. त्यांतलं हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, म्हणजे आमच्या बोलण्यातलं हेमा, हे ॲलर्जीसाठी सर्वांत बदनाम. घट्ट झालेलं जेल फारसा त्रास देत नाही. कच्चं, न सुकलेलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की शरीर एक दिवस त्याला शत्रू ठरवतं, आणि ते मत सहसा आयुष्यभर बदलत नाही. पातळ नायट्रिलचे हातमोजे असले तरी काही मिनिटांत ही रसायनं त्यातून पार होतात. मोजा बदलत राहावा लागतो, आणि तो सबंध दिवस बदलत राहणं कोणाला जमतं?

यातली गोम अशी की रसायनांचं हेच कुळ दंतवैद्याकडेही असतं. ॲक्रिलिकचं कृत्रिम नख जन्मलंच मुळी तिथं. १९५४ साली फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्यानं आपलं मोडलेलं नख दात बसवायच्या ॲक्रिलिकनं जोडलं, तिथून हा धंदा निघाला. त्यामुळे नखांच्या हौसेपायी ॲलर्जी झालेल्या माणसाला उद्या दाताचं फिलिंग, सांधा बदलताना वापरायचं सिमेंट, मधुमेहींच्या दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर, यांतलं काहीही त्रास देऊ शकतं. युरोपियन युनियननं २०२० मध्ये नखांसाठीची हेमा असलेली उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असा नियम केला. जेल पक्कं करायला मदत करणाऱ्या टीपीओ या द्रव्यावर तर तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच आली. पण घरी वापरायचे स्वस्त किट आणि कुठल्याही जेलला कुठलाही लॅम्प, हे चालूच आहे. एका कंपनीचं जेल दुसऱ्या लॅम्पखाली वरून कडक होतं आणि आतून कच्चं राहतं. बाटलीवर "हेमा-फ्री" लिहिलं की निर्धास्त होणाऱ्यांनी मागची यादीही वाचावी. हेमाची चुलत भावंडं तिथं बसलेली असतात.

चिकटपट्ट्यांवाल्या त्या मुलीनं पुढे काम सोडलं. हात चांगला होता तिचा. एका रेघेत फ्रेंच टिप, म्हणजे नखाच्या टोकाची पांढरी कड, ओढायची, पुसायची वेळ यायची नाही.

नाही म्हणायला मला कोणी शिकवलं नाही. कोर्समध्ये नखांचे आकार शिकवले, रोगांची चित्रं दाखवली, पण समोर घरचं लग्न असलेली, उत्साहानं डिझाइन निवडून आलेली मुलगी बसली आहे आणि तिचं नख मुळापासून सुटलं आहे, तिला काय म्हणायचं, हे त्या वहीत नव्हतं. सुरुवातीला मी भलतंच बोलून बसायचे. एका काकूंना "तुम्हाला फंगस झालंय" असं सरळ म्हणाले. त्या संतापल्या, आणि बरोबर होत्या. जाड पिवळं नख बुरशीचं असू शकतं, सोरायसिसचं असू शकतं, घट्ट बुटांचं असू शकतं. नुसतं पाहून डॉक्टरही ठरवत नाहीत, नखाचा तुकडा तपासायला पाठवतात. मी कोण?

आता माझं वाक्य ठरलेलं आहे. "मला हे नेहमीसारखं दिसत नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या, ते ठीक आहे म्हणाले की पहिली अपॉइंटमेंट तुमची." रोगाचं नाव घ्यायचं नाही. घाबरवायचं नाही, आणि "काही नसेल हो" असंही म्हणायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड, जिभेवर आपोआप येतं. पायाचं काम असेल तर आधी विचारते: मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पायाला बधिरपणा आहे का. "पेडिक्युअर करायला आले आहे, लग्न जमवायला नाही," असं एक काकू म्हणाल्या होत्या. मग दोन मिनिटांनी हळूच म्हणाल्या, "साखर आहे थोडी." ज्या पायाला चिमटा कळत नाही त्या पायाला निपरची बारीक जखमही कळत नाही. ती वाढते. काकूंचं कुरूप मी कापलं नाही, नखंही सरळ कापली, कडा खोदल्या नाहीत.

नाही म्हटलेली माणसं बहुधा परत येत नाहीत. ती दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे जातात आणि तिथं होतं त्यांचं काम. हे मला माहीत असतं. म्हणजे मी नाही म्हटल्यानं नखाचं भलं होतं असंही दर वेळी नाही. केवळ माझ्या टेबलावर झालं नाही, इतकंच.

मॅडमना मी ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही, मॅडम. म्हणूनच म्हणतेय."

"अगं, संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा."

मग आमचं ठरलं की नऊ बोटं करायची आणि अंगठा सोडायचा. मी त्यांच्याच फोनवर त्या नखाचा फोटो काढून दिला, म्हणजे तारीख राहील आणि रेघ बदलली तर कळेल. त्यांनी तो पाहिलाही नाही. नऊ नखं गडद लाल झाली, सुरेख झाली. मधोमध तो उघडा अंगठा. मॅडमनी दोन्ही हात समोर धरून पाहिले.

"दात पडल्यासारखं दिसतंय."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. पैसे मोजून ठेवले आणि निघाल्या. पुढची अपॉइंटमेंट घेतली नाही. मी दोनदा मेसेज केला, तब्येत विचारायच्या निमित्तानं. वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तिसरा मेसेज लिहून पुसला.

सहाएक महिन्यांनी त्या मला एका रांगेत दिसल्या, माझ्यापासून आठ-दहा माणसं पुढे. सहा महिने म्हणजे अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं झालं असणार, असा हिशेब माझ्या डोक्यात आधी झाला आणि मग ओळखीचं हसू तोंडावर आलं. त्यांनी मान वळवली, मला ओळखलं, आणि उजवा हात हलवला. पाचही नखं मोरपिशी, नवीन केलेली, कडा नीट बंद केलेल्या, कोणीतरी चांगलं काम केलं होतं. डावा हात पिशवीच्या बंदात अडकलेला होता. रांग पुढे सरकली. मी पायाच्या बोटांवर उभी राहून पाहिलं, मधल्या माणसाच्या खांद्याआडून बंद दिसला, चार बोटं दिसली. अंगठा आतल्या बाजूला होता.